वकील मागे येत नाहीत, मुदत थांबत नाही

कर्जात सापडलेल्या माणसाची वकिलाशी पहिली भेट आणि तिच्यानंतरचे दिवस

समजा, पावस भागातला एक आंबा व्यापारी आहे. त्याने चार बागा कराराने घेतल्या. वाशीच्या दलालाकडून उचल घेतली, बँकेकडून राहत्या घरावर कर्ज काढले, औषधांच्या दुकानात उधारी केली. अवकाळी पावसाने मोहर गळाला, उरलेल्या फळावर डाग पडले आणि हंगाम संपला तेव्हा हातात पेट्यांपेक्षा बिलेच जास्त राहिली. एक दिवस तो खिशात घडी घातलेली नोटीस घेऊन रत्नागिरीत वकिलाच्या कचेरीत येतो.

“बसा चाचा, काय काम काढलेत?”

“काम असे नाही, वकीलसाहेब. फक्त विचारायला आलो होतो.”

अर्धा तास बोलणे होते. वकील मार्ग सांगतात. “घरी विचारून जुम्मा झाल्यावर येतो,” म्हणून चाचा उठतात आणि परत येत नाहीत. तीन महिन्यांनी येतात तेव्हा घराच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटलेली असते.

मधल्या काळात वकिलांनी त्यांना एक फोन का केला नाही? आणि चाचांनी स्वतः चौकशी का केली नाही? हे दोन्ही प्रश्न आपल्या व्यापारी बांधवांच्या कामाचे आहेत. त्यांच्या उत्तरावर कित्येकदा एका कुटुंबाचे छप्पर अवलंबून असते.

वकिलाचे हात बांधलेले आहेत

दुकानदार गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावू शकतो, विमा एजंट दहा वेळा घरी येऊ शकतो. वकिलाला हे चालत नाही. भारतीय वकील परिषदेच्या ३६ व्या नियमाप्रमाणे वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागू नये आणि जाहिरातही करू नये. परिपत्रक काढून नाही, दलालामार्फत नाही, ओळख नसताना गाठीभेटी घेऊनही नाही. एवढेच नव्हे, आपण अमुक प्रकारच्या खटल्यांचे खास जाणकार आहोत असे त्याला पाटीवरही लिहिता येत नाही. म्हणून ‘येथे दिवाळखोरीची कामे केली जातात’ अशी पाटी जिल्हा न्यायालयाच्या परिसरात शोधत फिरू नये. २००८ साली या नियमात थोडी सवलत मिळाली. नाव, पत्ता, सनद, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती वकिलाला संकेतस्थळावर देता येऊ लागली. परंतु जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन बाजारपेठांतून वकिलांची जाहिरात करण्याविरुद्ध कडक आदेश दिले.

या नियमामागे आपल्या महाराष्ट्रातलाच एक इतिहास आहे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारावर तुटून पडायचे, कागद ओढायचे, एकमेकांची फी पाडायची, असे आरोप काही वकिलांवर झाले. महाराष्ट्र वकील परिषदेने कारवाई केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ साली त्या न्यायालयाने बजावले की वकिली हा बाजार नव्हे, अशी ओढाताण म्हणजे गैरवर्तनच होय.

अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. कर्जमुक्तीचे काम करणाऱ्या कचेऱ्या तेथे उघड जाहिरात करतात आणि चौकशी करून गेलेल्या माणसाला परत फोन करतात. मात्र अडचणीतल्या माणसाला समोरासमोर गाठून काम मिळवण्यावरील बंदी त्याच न्यायालयाने १९७८ साली उचलून धरली. पुढे २००५ च्या दुरुस्तीने अशा कचेऱ्यांवर आणखी एक बंधन आले. मदत सुरू केल्यापासून पाच कामकाजी दिवसांत, कोणते काम करणार आणि किती पैसे घेणार याचा लेखी करार करावा लागतो. जेथे मागे लागण्याची मोकळीक आहे तेथेही कायद्याने कागदाचा आग्रह धरला, ही गोष्ट आपणही घेण्यासारखी आहे.

माणूस परत का येत नाही?

पहिले कारण लाज. गाव लहान, मोहल्ला त्याहून लहान. ‘दिवाळे’ हा शब्द मुलीच्या सोयरिकीपर्यंत जाऊन पोहोचतो. दुसरे कारण फी. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो वकिलाला कोठून देणार? आणि तिसरे, आपल्या कोकणातले खास कारण म्हणजे हंगामाची आशा. बागायतदार म्हणतो, यंदा मोहर बरा आहे. राजिवड्याचा किंवा मिरकरवाड्याचा नौकामालक म्हणतो, पावसाळ्याची बंदी उठू दे, दोन फेऱ्या चांगल्या लागल्या की फेडून टाकू. आखातात भाऊ असेल तर त्याच्या ड्राफ्टची वाट पाहिली जाते.

आशा ठेवणे वाईट नाही. पण हंगामाचे पंचांग वेगळे आणि कायद्याचे वेगळे. कायद्यातल्या मुदती नोटिशीच्या तारखेपासून किंवा ती हातात पडल्यापासून धावू लागतात. त्या अशा:

चेक परत गेल्यावर मागणीची नोटीस मिळाली, तर पैसे देण्यास १५ दिवस. ते गेले की समोरच्याला फौजदारी तक्रारीसाठी एक महिना मिळतो.

दिवाणी न्यायालयात लेखी कर्जावर संक्षिप्त दावा लागला, तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावे लागते.

बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली मागणीची नोटीस दिली, तर ६० दिवस. या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. त्यानंतर बँकेने ताब्याची कारवाई केली, तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यास ४५ दिवस. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध झाली की पूर्ण रक्कम भरून तारण सोडवण्याचा या कायद्यातला हक्कही संपतो.

सहकारी बँक आहे म्हणून हा कायदा लागू नाही, असे अजूनही काहीजण समजतात. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये तो सहकारी बँकांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळलेली आहे. आंब्याची बाग खरोखर शेतीखाली असेल तर हा मुद्दा मोलाचा आहे, पण तो वेळेत आणि पुराव्यासह मांडावा लागतो.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर ‘१०१ चा दाखला’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावर जप्ती येते. दाखला निघण्यापूर्वी सुनावणीला गेले तर हिशेबातली चूक दाखवता येते. न जाता बसून राहिले, तर पुढे फेरतपासणी अर्जासाठी वसूल होणाऱ्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. सुनावणीच्या दिवशी एक फेरी चुकवण्याची किंमत इतकी मोठी आहे.

आखातात धंदा किंवा नोकरी करून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिरातीतील न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे भारतातील जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी आणता येतात. दुबईचे देणे दुबईत राहिले, असे समजण्याचे दिवस गेले.

नादारीचा अर्ज: काय मिळते, काय मिळत नाही

कंपनीची दिवाळखोरी २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालते. या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. आपला बागायतदार, मच्छीमार, किराणा दुकानदार यांच्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे आणि त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो.

कर्ज फेडता येत नाही आणि देणे ५०० रुपये तरी आहे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात अटक वा जप्ती झाली आहे, अशा माणसाला हा अर्ज करता येतो. अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम आणि स्वतःची सर्व मालमत्ता किमतीसह लिहावी लागते, ती न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारीही नमूद करावी लागते. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे वा रिसीव्हरकडे जाते, अटकेपासून संरक्षण मागता येते आणि शेवटी ऋणमुक्तीचा हुकूम मिळू शकतो. कारागिराची अवजारे, घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण अशा गोष्टी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने जप्तीतून सुटतात.

पण तीन गोष्टी पहिल्याच भेटीत कळायला हव्यात. एक, घर बँकेकडे तारण असेल तर नादारीने ते सुटत नाही. दोन, कर्जदार मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही. ज्या शेजाऱ्याने भरवशावर सही केली त्याच्यावर वसुली राहते. तीन, चेकचा फौजदारी खटला या अर्जाने आपोआप थांबत नाही.

आणि येथेही मुदतीचा पाठपुरावा आहेच. नादार ठरवताना न्यायालय ऋणमुक्तीच्या अर्जासाठी काळ ठरवून देते. त्या काळात अर्ज केला नाही, तर नादारीचा हुकूमच रद्द होतो. म्हणजे सर्वांपुढे दिवाळे जाहीर केले आणि पदरात काही पडले नाही, अशी गत.

‘बायकोच्या नावावर करून टाका’

परत न आलेल्या माणसाला मधल्या काळात सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांतला सर्वांत आवडता सल्ला म्हणजे घर बायकोच्या नावावर करून टाका, मेहरमध्ये दिले म्हणा, तोंडी हिबा दाखवा.

मेहर हे खरोखरच देणे आहे. न दिलेला मेहर पतीवर कर्ज म्हणून राहतो. म्हणून नादारीच्या अर्जात धनकोंच्या यादीत पत्नीचे नावही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. परंतु नोटीस आल्यावर घाईघाईने केलेला हिबा ही निराळी गोष्ट आहे. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल होऊन माणूस नादार ठरला, तर खऱ्या मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतर रद्द होऊ शकते. धनकोंना फसवण्यासाठी केलेले हस्तांतर तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३ व्या कलमानेही उलटवता येते. वर मालमत्ता लपवल्याबद्दल नादारी कायद्यात कैदेची तरतूद आहे. शिवाय वकिलाशी झालेले बोलणे गुप्त राहते हे खरे, पण बेकायदा हेतूसाठी केलेल्या बोलण्याला कायदा ते संरक्षण देत नाही.

दुसरा भेटतो तो एजंट. ‘अमुक वकिलांना सांगून सेटलमेंट करून देतो, आधी एवढे द्या,’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. न्यायालयाच्या आवारातील दलालीविरुद्ध २०२३ साली वकील अधिनियमात नवे कलम घालण्यात आले आहे. कर्ज माफ झाले तर अमुक टक्के, अशी निकालावर अवलंबून फी ठरवणेही वकिलाला मना आहे. तशी बोली करणारा भेटला तर तेथेच ओळखावे.

वकिलाच्या कचेरीने काय करावे?

काम मागणे आणि स्वतः येऊन विचारणाऱ्याला उत्तर देणे यांत फरक आहे. जो माणूस आपल्या पायाने आला, ज्याने प्रश्न विचारला, त्याच्याच संमतीने त्याच्याच तारखेची आठवण देणे म्हणजे काम मागणे नव्हे, असे आम्हांस वाटते. पण ते सभ्यपणे आणि मर्यादेत व्हावे. आपल्या समाजातील अनेक तरुण आता वकिलीत आहेत. त्यांच्यासाठी चार सूचना:

पहिल्या भेटीत सर्वांत आधी नोटिशीची तारीख पाहावी, कर्जाची कहाणी नंतर ऐकावी. माणूस उठण्यापूर्वी त्याच्या हातात मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी: शेवटची तारीख कोणती, ती चुकली तर काय होईल, कोणते कागद आणायचे, फी किती आणि ती हप्त्याने चालेल का. तिची एक प्रत कचेरीत ठेवावी.

दुसरे, फोन करावा का, कोणत्या नंबरवर, किती वाजता, हे त्यालाच विचारून कारकुनाने वहीत लिहावे. घरात दुसऱ्या कोणी फोन उचलला तर कर्ज, बँक, नादारी यांतला एकही शब्द निघता कामा नये. ‘चाचांना सांगा, कचेरीतून फोन होता,’ एवढे पुरे. पत्र पाठवायचे तर बंद पाकिटातून. मोबाइलवर मजकूर पाठवताना तो मुलेही वाचतात हे विसरू नये.

तिसरे, आठवण एकदा द्यावी, तीही मुदतीच्या पुरेशी आधी. घरी जाऊ नये, नातेवाइकामार्फत निरोप धाडू नये, जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात विषय काढू नये. ‘घर जाईल’ अशी भीती घालून वकीलपत्रावर सही घेणे हा तर अन्यायच होय.

चौथे, तरीही माणूस आला नाही, तर एक छोटे पत्र द्यावे: आपण आम्हांस वकील नेमलेले नाही, आम्ही आपल्यातर्फे काहीही दाखल केलेले नाही, आपली मुदत अमुक तारखेस संपते, कृपया कोणत्याही वकिलाकडे त्यापूर्वी जावे. हे पत्र फार महत्त्वाचे आहे. एकदा भेटून गेलो म्हणजे आपली केस वकिलांकडे लागली, अशी पुष्कळांची समजूत असते. सही केलेले वकीलपत्र नाही तोवर कोणीही तुमच्यातर्फे उभा नाही.

आणि कर्जदाराने?

त्याने आपला पाठपुरावा आपणच करावा. नोटीस आली की पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहावी आणि पाकीट जपून ठेवावे. वकिलाकडे जाताना कर्जाचे कागद, खातेउतारा, सातबारा वा घराचा उतारा, दिलेल्या कोऱ्या चेकांची यादी आणि सर्व देण्यांचा एक कागद सोबत न्यावा. त्या कागदात भावाचे, दलालाचे आणि सावकाराचेही देणे लिहावे. सावकार विनापरवाना असेल आणि त्याने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. निघताना वकिलांना एकच प्रश्न विचारावा: “साहेब, माझी शेवटची तारीख कोणती?” ती घरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि पत्नीला सांगावी. बहुतेक घरांत हिशेब तीच नीट ठेवते.

फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही मिळतो. बँकेशी तडजोड करायची तर लोकअदालत आहे. तेथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. मुंबईची फेरी वाचली आहे.

लाज कशाची?

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची एक हदीस आहे. प्रेषितांच्या (स.) काळात एका माणसाने फळे विकत घेतली, त्यांत त्याला नुकसान आले आणि तो कर्जात बुडाला. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला सदका देण्यास सांगितले. तो जमा होऊनही कर्ज फिटले नाही, तेव्हा धनकोंना सांगण्यात आले की जे मिळते आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हांला नाही. फळांच्या धंद्यात बुडालेल्या माणसाची ही हकीकत आपल्या आंबा व्यापाऱ्याला परकी वाटू नये. त्या माणसाने काही लपवले नाही, पळ काढला नाही. त्याचे दुःख सर्वांपुढे आले म्हणूनच मार्ग निघाला.

कुरआनने सूरह बकरहमध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण दिली आहे आणि त्याच सूरहमध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचीही. सूरह तौबामध्ये जकातीच्या हक्कदारांत कर्जदारांचाही समावेश आहे. मात्र ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याला हदीसमध्ये जुलमी म्हटले आहे, हेही विसरू नये. म्हणजे खरी लाज कर्ज झाल्याची नाही, तोंड लपवण्याची आहे. मोहल्ल्याच्या जमातीने आणि बैतुलमालने अशा माणसाला वकिलाच्या दारापर्यंत सोबत केली, तर ती मोठी मदत ठरेल.

वकिलांनी चाचांच्या मागे धावावे असे कायदा म्हणत नाही आणि ते योग्यही नाही. पण चाचा कचेरीतून उठताना त्यांच्या खिशात जुन्या नोटिशीबरोबर तारीख लिहिलेली एक चिठ्ठी असावी, आणि त्या तारखेच्या आधी चाचांनी पुन्हा तो जिना चढावा. एवढे झाले तरी पुष्कळ घरे वाचतील, इन्शाअल्लाह.